कोल्ह्यांच्या खिंडीखालची दुपार

हद्दू भित्रा होता, हे आमच्या सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. त्याने ते कधी लपवलंही नाही. खेचरवाले जमले की कुणीतरी, थोरल्याला लावतात तो 'दा' लावून, हटकून विचारायचं, "काय दा हद्दू, यंदा किती वेळा अर्ध्यातून पळून आलास?" तो चहाचा घोट घेऊन सांगायचा, "तीनदा. आणि तिन्ही वेळा घरी येऊन जेवलो. तुझा चुलता परत फिरला नाही; तो कुठे जेवला, विचार जरा." मग हसणारे आपापल्या पेल्यांकडे वळायचे. तीस वर्षं त्याने माणसं अ‍ॅटलसच्या खिंडींपार नेली आणि एकही माणूस गमावला नाही, ते या भीतीच्याच जोरावर.

पण त्याच्या पोटात आणखी एक भीती होती. तिचं नाव तो घेत नसे. लोक काय म्हणतील, ही ती भीती. बर्फाला तो सरळ पाठ दाखवायचा; माणसांना मात्र त्याच्याच्याने नाही म्हणवत नसे.

त्या एप्रिलात कासाब्लांकाची सलवा आली. शाळेत चित्रकला शिकवणारी, पस्तिशीची, बोलायला खट्याळ. उगवतीच्या टोकापासून मावळतीच्या टोकापर्यंत सगळी डोंगररांग बावीस दिवसांत पायी ओलांडायची, असा तिचा हट्ट. खेचरं मेच्या मध्यापर्यंत खिंडी चढत नाहीत. म्हणून तंबू, शिधा, दोर, सगळं दोघांच्या पाठीवर. दहाव्या दिवशी संध्याकाळी ते खिंडीखालच्या शेवटच्या गावात पोचले आणि तूदा नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या घरी उतरले.

कोल्ह्यांच्या खिंडीचा नियम साधा आहे. चढ उगवतीकडे तोंड करून आहे, ऊन पहिल्या घटकेपासून त्याच्यावरच पडतं. म्हणून अंधारात निघायचं, बर्फ दगडासारखा कडक असताना घळ आडवी पार करायची आणि नऊच्या आत माथा गाठायचा. त्यानंतर त्या घळीत कोल्हासुद्धा पाय घालत नाही.

हद्दू पहाटे बूट बांधत होता, तेव्हा तूदा दारात आडवी उभी राहिली.

"कुठं निघालास रे? आज सातवा दिवस आहे. नातीचं नाव ठेवायचंय."

"लल्ला तूदा," हद्दू आदराने म्हणाला, "बर्फ..."

"रात्री माझ्या छपराखाली झोपलास, आणि बोकड कापायच्या आत उठून चाललास? पोरीच्या नावावर पाठ फिरवून? उद्या तिला ताप आला तर मी कुणाचं नाव घेऊ?"

आमच्याकडे हे असंच आहे. नामकरणाच्या घरी निजलेला पाहुणा बोकडाच्या काळजाचा पहिला तुकडा खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. हद्दूने वर खिंडीकडे पाहिलं, खाली तूदाच्या पायांकडे पाहिलं आणि बुटाची नाडी सोडली.

"बाईंनाही बघू दे आपल्याकडची रीत," तो म्हणाला. सलवाला आनंदच झाला. बोकड कापला, मुलीचं नाव ईझा ठेवलं, निखाऱ्यांवर चरबीत गुंडाळलेलं काळीज भाजलं, चहाचे तीन पेले झाले. ते निघाले तेव्हा नऊ वाजले होते आणि अंगणातल्या पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. हद्दूने ते ठिबकणं ऐकलं. तरीही तो वरच निघाला. परत फिरला असता तर तूदाने कारण विचारलं असतं, आणि तुझ्या बोकडापायी उशीर झाला, हे त्याला तिच्या तोंडावर सांगवलं नसतं.

साडेअकराला ते घळीत शिरले. बर्फ ओल्या पिठासारखा झाला होता. पाय गुडघ्यापर्यंत रुतायचा आणि निघताना सुस्कारा टाकायचा. वरून चेंडूएवढे गोळे आपसूक घरंगळत यायचे आणि मागे लांब रेघा सोडायचे. हद्दू त्या रेघा मोजत होता. अठरा झाल्यावर त्याने मोजणं सोडलं. घळीच्या मधोमध एक काळा सुळका वर आला आहे, घराएवढा. त्याला हात टेकतो न टेकतो तोच सगळा उतार एकदा पोकळ आवाजात हुंकारला आणि बोटभर खाली बसला.

"सुळक्याला चिकटा!" हद्दू ओरडला. "पाठ दगडाला लावा!"

"दा हद्दू, पलीकडची कड दिसतेय. तीनशे पावलं असतील. पळत जाऊ."

"एक पाऊल नाही."

"मग मागे तरी?"

तो उत्तर द्यायच्या आत मागची वाट गेली. आवाज मोठा नव्हता. धान्याचं पोतं ओतावं तसा. त्यांची ताजी पावलं, घळीच्या कडेपासून सुळक्यापर्यंतची, सगळी एका सुरकुतलेल्या पांढऱ्या लोंढ्यात खाली निघून गेली. 

सलवाने हद्दूकडे पाहिलं. "असं होणार, हे तुम्हाला सकाळी माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. एप्रिल आहे, डोंगर आहे, अल्लाची मर्जी आहे. 

"होतं," तो म्हणाला.

"आणि तरी मला काळीज खात बसवलंत?"

"तूदाला नाही म्हणवलं नाही."

"मला सांगितलं असतंत तर मी तिला नाही म्हटलं असतं! शहरातली उद्धट बाई म्हणून ऐकून घेतलं असतं मी चार शब्द!" ती रडत होती. तिने सॅक छातीशी धरली, जणू तीच तिला दगडाला बांधून ठेवणार होती.

दुपार तिथे सरली. सरली म्हणायचं, ती सरत नव्हती. ऊन वर उभं होतं, सुळक्यावरून पाणी त्यांच्या मानेत उतरत होतं. दर थोड्या वेळाने डावीकडून नाहीतर उजवीकडून तो पोतं ओतल्याचा आवाज यायचा आणि दोघंही श्वास धरून वर बघायची. हद्दूने दोराचं एक टोक सुळक्याच्या शिंगाला टाकलं, दुसरं तिच्या कमरेला बांधलं. स्वतःला पुरेल एवढा दोर उरला नाही. तिने ते पाहिलं.  

तीनला खिंडीची सावली घळीत उतरली. सलवा उठायला लागली.

"अजून नाही."

चारला तिने पुन्हा विचारलं. त्याने काठी बर्फात खुपसली. ती हातभर आत गेली. "नाही."

पाच वाजून गेल्यावर काठी खट्ट वाजली आणि वरच उभी राहिली. हद्दूने बुटांना लोखंडी काटे बांधले, तिचेही बांधले, आणि टाचेने पायऱ्या खोदत पुढे झाला. तीनशे पावलांना पाऊण तास लागला. वरच्या अंगाला बर्फाचा एक मोठा फुगवटा अजून लटकत होता. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही. माथ्यावर पोचले तेव्हा उजेड होता. पलीकडचा उतार वाऱ्याने खरवडलेला, नुसता दगडांचा. हद्दू तिथे बसला आणि त्याने सकाळचं काळीज ओकून टाकलं.

सलवाने त्याला तोंड धुवायला पाणी दिलं. मग म्हणाली, "उद्यापासून कधी निघायचं ते मी ठरवणार. आणि कुणाच्या घरी उतरायचं तेही."

"हो," हद्दू म्हणाला.

उरलेले अकरा दिवस तसंच झालं.

त्यानंतर हद्दू खिंडीखालच्या कुठल्याच गावात मुक्काम करत नाही. गावाच्या वर, मेंढ्यांच्या रिकाम्या दगडी वाड्यांत निजतो. तिथे बोलवायला कुणी नसतं. लोक म्हणतात, हद्दू माजला, हद्दूला आमची भाकरी कडू लागते. तूदा भर बाजारात तोंड फिरवते. हद्दूला ते अजून लागतं. मान खाली घालून तो पुढे जातो, आणि पहाटे, अजून काळोख असताना, त्या वाड्यातून वर निघतो.