‘वरी’ म्हणजे गळा दाबणं

नांदेडच्या कॉलेजात मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. पोरं दर वर्षी विचारायची, “मॅडम, वरी म्हणजे काळजीच ना?” आणि दर वर्षी माझं डोकं फिरायचं. काळजी कसली डोंबलाची! जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता गळा दाबून मारणं. पुढं कुत्रा मेंढीचं नरडं धरून हिसडे देतो, त्याला हा शब्द लागला. मग माणसानं माणसाला छळण्याला. मग दुसऱ्याला काळजीत टाकण्याला. आणि अगदी शेवटी, आपली आपण काळजी करत बसण्याला. म्हणजे आधी हा शब्द दाबणाऱ्याचा होता. हळूहळू तो सभ्य झाला आणि सगळा भार ज्याचा गळा धरलाय त्याच्याच अंगावर आला. दाबणारा नामानिराळा. वर सांगायचं काय, तर डोन्ट वरी!

हे ‘डोन्ट वरी’ मी पहिल्यांदा ऐकलं ते एका साहेबाच्या तोंडून. आमचं गाव देवणीकडचं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेरी जवळ आली, आता आपलं कोणीतरी ऐकेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. नेमकी तेव्हाच पावसानं दडी मारली आणि आमच्या बौद्धवाड्यातली विहीर आटली. गावच्या विहिरीला अजून थोडं पाणी होतं, पण तिथं आमचा पोहरा चालत नव्हता. बाजूला उभं राहायचं, कुणा बाईला दया आली तर ती वरून घागरीत ओतणार. घरानं दीक्षा घेतल्यापासून माझ्या मायनं असं पाणी घेणं सोडलं होतं. ती नदीच्या वाळूत खड्डा उकरायची आणि पाझरेल तसं वाटीवाटीनं घागरीत भरायची.

साहेब जीपनं पाहणीला आला तेव्हा मायनं त्याला गाठलंच.

“सायेब, आमच्या वाड्यात एक हापसा द्या. पान्याचे लई हाल हायेत.”

“डोन्ट वरी, बाई, डोन्ट वरी,” तो हसून म्हणाला.

मी शाळेत नुकतीच इंग्रजी शिकायला लागले होते. माय माझ्याकडं वळली. “काय म्हनला गं?”

“काळजी करू नका म्हनला.”

माय इतकी हरखली की घरोघरी सांगत सुटली, सायेबानं शब्द दिलाय. मला त्या आठवणीचा आजही संताप येतो.

हापसा आला, तो चावडीसमोर. आमचा वाडा तसाच कोरडा. नारळ फोडायला साहेब आला, चहा प्याला. माय घागर घेऊन पुढं झाली. “सायेब, आमच्या वाड्यात द्यायचा होता की.”

“अहो, सरकारी आहे, सगळ्यांचाच आहे. डोन्ट वरी,” म्हणाला आणि जीपमध्ये बसला. मायनं तळतळाट केला. तो त्याला लागला की नाही ठाऊक नाही, बढती मात्र मिळाली म्हणे.

मायनं आपली घागर रांगेत ठेवली. एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरची म्हातारी आली आणि तिनं ती पायानं लोटली. “तुमी लांब थांबा. देतो वतून.”

मी भीतीनं मायचा पदर ओढला. मायनं घागर उचलली. “सरकारी हाय म्हनला की सायेब,” असं म्हणून ती सरळ हापशाजवळ गेली, दांडा धरला आणि हापसायला लागली. एकच गलका झाला. पण तिला ओढून बाजूला करायचं तर शिवावं लागलं असतं, म्हणून सगळे लांबूनच ओरडत राहिले. घागर काठोकाठ भरली.

आम्ही थोडं पुढं गेलो नाही, तोच मागं पाणी सांडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर बायका हापसा धूत होत्या. रांगेत थेंबासाठी भांडणाऱ्या त्याच बाया! भरलेल्या घागरी दांड्यावर उपड्या करत होत्या आणि पाणी धुळीतून वाहत आमच्या पायांपर्यंत आलं होतं. मला रडू फुटलं.

“माय, उद्या नको यायला गं.”

माय डोक्यावरची घागर सावरत शेवटची घागर ओतेपर्यंत बघत उभी राहिली.

“यायचं. रोज यायचं,” ती म्हणाली. “रोज धुवू दे त्यायला. असल्या दुष्काळात किती दिस धुतेत, बघू.”