लाल रेघेआड

हणमंता गेल्याचं मला सांगलीच्या पेठेत कळलं. त्याच्या कुंडल गावचा एक गूळवाला ढेप फोडता फोडता सहज म्हणाला, "तुमच्या कालेजातला हणमंता व्हय? झालं की पंधरा दिस." मी गूळ न घेताच घरी आलो.

हणमंता आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा शिपाई, मी कचेरीतला कारकून. सकाळी दहाच्या ठोक्याला खाकी कोटाची सगळी बटणं लावून तो हजेरीपुस्तकावर सही करायचा आणि माझ्या टाकाला रोज नावं ठेवायचा. "अण्णा, ह्यो टाक न्हवं, कुदळ हाय." बेचाळीसच्या चळवळीत मुलं निघून गेली, वर्ग ओस पडले आणि पुढच्या उन्हाळ्यात वरून यादी आली. अकरा माणसं कमी. त्यात हणमंता होता. मी नव्हतो, याचा मला आनंद झाला... हे आज लिहितोच.

चूक त्यानंतरची. जूनचं हजेरीपुस्तक मी नेहमी सुट्टीतच आखून ठेवी. जुन्यावरून नावं उतरवताना हात सवयीनं चालत गेला आणि ती अकराही नावं नव्या पानावर आली. हणमंता प्रयोगशाळेच्या किल्ल्या परत द्यायला आला, तेव्हा पुस्तक उघडंच होतं. त्यानं आपलं नाव वाचलं, त्यावरून दोनदा बोट फिरवलं. "ठिवलं म्हना की मला," एवढंच बोलला आणि किल्ल्या पुन्हा खिशात टाकल्या. त्याच्या तोंडाकडं बघून माझी जीभ उचलली नाही. त्यानं गावात साखर वाटल्याचं नंतर कळलं.

कॉलेज उघडलं त्या दिवशी तो कोट घालून हजर. तोवर मी पट्टी धरून अकरा नावांवर लाल रेघा मारल्या होत्या. पुस्तक त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग किल्ल्या टेबलावर ठेवत म्हणाला, "हाताला सवय असती, अण्णा. तुमी मनाला लावून घिऊ नका." त्यानंतर तो सांगलीला आला नाही. चार वर्षांत मीही कुंडलला गेलो नाही. मला तोंड नव्हतं.

गूळवाल्याकडून कळल्यावर मात्र गेलो. कोट खुंटीवर होता, बटणं लावलेली. त्याची बायको म्हणाली, "रोज धा वाजता त्यो घालून भायेरच्या सोप्यात बसायचं. म्हनायचं, बलावनं यील, अण्णांनी नाव लिवलंय." मग दाराकडं बघत तिनं हळूच विचारलं, "हाय न्हवं नाव अजून?"

"हाय," मी म्हणालो.

परत आल्यावर ते पुस्तक काढून पाहिलं. रेघ सरळ आहे... तिच्याआडून नाव अजून स्वच्छ वाचता येतं. आपण खोटं बोललो नाही, असं मी रोज दहा वाजता स्वतःला सांगतो.