चालत ये, तरच घेईन

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि लिहिताना फार चुकते. चौथीनंतर शाळा सुटली. ही वहीसुद्धा मुलीची उरलेली. तेवढं समजून घ्या.

पदर खोचायचा, चपला झटकायच्या आणि म्हणायचं, "पाय आपलेच हायत गो बाय, त्यांना भाडं न्हाय लागत." रोज सकाळी निजामपुऱ्याच्या नाक्यावर आमच्यातल्या एका ताईचं हे ठरलेलं. मग ती चालत निघायची आणि आम्ही बायका शेअर रिक्षात. सगळ्या राहनाळच्या एकाच गोडाऊनला, पॅकिंगच्या कामावर.

आमची रिक्षा तिला मागे टाकायची आणि पुढे ट्रेलरमागे अडकायची. थोड्या वेळाने टपावर दोन बोटांनी टकटक व्हायची. ती पुढे निघून गेलेली असायची. बाकीच्या हसायच्या. मला हसू यायचं नाही.

माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण खोका घेऊन जिना एका दमात चढायची. मी मधल्या पायरीवर गुडघा धरून उभी. डॉक्टरने तिची साखरेची गोळी अर्धी केली, तेही सगळ्या गोडाऊनला कळलं. एका दिवाळीला तिने कानात सोन्याची फुलं घातली. बायका म्हणाल्या, ही रिक्षाच्या वाचलेल्या भाड्याची. डबा खाताना मी भाजीकडे कमी आणि तिच्या कानांकडे जास्त बघत होते. ती चालली तितकीच वर्षं मी रिक्षात बसले. मला काय मिळालं? कंबरदुखी.

मग आमचे हे ज्या कापडाच्या लूमवर कामाला होते, तो बंद पडला. खोलीचं भाडं थकलं. मागायचं तर तिच्याकडेच, आणि माझं तोंड उघडेना. तीन दिवस मी तिच्याजवळ बसून नुसता रिकामा डबा पुसत होते. शेवटी तिनेच विचारलं. दुसऱ्या दिवशी रबर लावलेल्या विसाच्या नोटा आणल्या, दोन हजार.

"रोज रिक्षाचे जाण्यायेण्याचे चाळीस मला देत जा," ती म्हणाली. "पण चालत ये, तरच घेईन."

पहिला आठवडा मी वीस पावलं मागे. पायाला फोड आले. ती थांबायची नाही. फक्त रस्त्यातल्या नाल्याच्या मोरीजवळ उभी राहून खोचलेला पदर पुन्हा खोचायची. ती माझ्यासाठीच थांबते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी तिच्या बरोबरीने चालत होते, आणि कुणाशी न बोलणारी मी, रस्ताभर बोलत होते.

एक दिवस मी जिना न थांबता चढले. तिने पाहिलं. पुढचा खोका मोठा दिला.

शेवटचे चाळीस राहिले तेव्हा मी म्हटलं, "आज सुट्टे नाहीत, ताई." पैसे पदराच्या गाठीत होते. ती म्हणाली, "उद्या दे." असे नऊ दिवस गेले. तिनेही ते एकदासुद्धा मागितले नाहीत.

मग कळलं, सोमवारपासून ती दापोड्याच्या गोडाऊनला, लेकीच्या घराजवळ. तिथे लेकीच्या शेजारणीचे गुडघे दुखतात म्हणे, तिलाही चालायला लावणार होती. त्या बाईला मी पाहिलंही नाही, पण कानातल्या फुलांवर जळले नव्हते इतकी तिच्यावर जळले.

शनिवारी गेटवर मी गाठ सोडली. दोन नोटा तिच्या हातावर ठेवल्या. तिने मोजल्या नाहीत.

"फिटले गो बाय," ती म्हणाली.

दोन हजार पुरे झाले.