लॅपटॉपातली पेटी

माझ्या सासुरवाडीत माझी चूक कुणी काढत नाही, आणि आजवरच्या माझ्या निम्म्या फजित्यांचं कारण हेच आहे.

सासुरवाडी युसूफ वडगावची. अधिक महिना आला की तिथं आमचं धोंड्याचं जेवण ठरलेलं. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण! (असं शास्त्र सांगतं. बायको सांगत नाही.)

माझे सासरे अप्पा गावातले जुने भजनी. त्यांना पेटीवर साथ करणारे मित्र लेकाकडं पुण्याला कायमचे राहायला गेले आणि अप्पांनी गाणंच सोडलं. "पेटीबिगर गळा फिरत न्हाई," म्हणायचे आणि ओसरीवर गप्प बसून राहायचे. माझ्या बायकोला, सुनीताला, ते बघवत नव्हतं. एकदा ती फार हळवी झाली असताना मी बोलून गेलो, "त्यात काय? लॅपटॉपात पेटी असते! कीबोर्ड जोडायचा, पट्टी दाबायची, वाजली पेटी. मी करीन साथ." मी लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या आहेत. (दोन्ही एकाच इयत्तेच्या.)

झालं! धोंड्याच्या दिवशी संध्याकाळी अप्पा मारुतीच्या देवळात गाणार, अशी गावभर बातमी.

बीडला आमच्या घरी सगळं व्यवस्थित वाजत होतं. वडगावात पोचलो तर आधी धोंडे, त्यावर तूप आणि तुपावर आग्रह. मी जो आडवा झालो तो उन्हं उतरल्यावरच उठलो. तोवर कीबोर्ड देवळात पाटावर विराजमान झाला होता. भोवती रांगोळी, अंगावर हळद-कुंकू, मधोमध स्वस्तिक. मी भरून पावलो. वायर जोडली, पट्टी दाबली.

काही नाही. चिडीचूप!

इथं थोडं तांत्रिक सांगावं लागेल. (तुम्हाला कंटाळा येईल. मला केव्हाच आलाय.) असल्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. अमुक पट्टी दाबली, एवढा निरोप तो लॅपटॉपला धाडतो. निरोपाच्या सोळा वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. निरोप एका वाटेनं गेला आणि लॅपटॉप दुसऱ्या वाटेवर डोळे लावून बसला, की भेट होत नाही. माझी पेटी पहिल्या वाटेवर होती. उरलेल्या वाटांवर मी घरी हौसेनं एकेक वेगळं वाद्य बसवून त्या बंद ठेवल्या होत्या. ही हौस मला नडली.

"दाजी, झालं का?" मेव्हणा गजानन.

"होतंय."

वायर काढली, घातली. लॅपटॉप बंद केला, चालू केला. मृदंगावरचे शंकरनाना मान डोलवत म्हणाले, "लई झ्याक चाललंय, जावईबापू!"

अजून काहीच चाललेलं नव्हतं.

शेवटी वैतागून मी सोळाही वाटा उघडून दिल्या. अप्पा सरसावून बसले. खाकरले. "द्या काळी एक."

मी काळी एक दाबली.

झँऽऽन्न!

झांज! शेजारची पट्टी दाबली, तर ढोल. वरची दाबली, तर शिट्टी! तेव्हा डोक्यात उजेड पडला. दहावी वाट जगभर ताल-वाद्यांसाठी राखीव असते आणि आमचा कीबोर्ड नेमका तिथं जाऊन बसला होता.

"वा वा! जोर हाय आवाजाला!" शंकरनाना.

तेवढ्यात गल्लीतून एक म्हातारी धापा टाकत आली. "अगं बया, धोंड्याच्या महिन्यात वरात कुणाची काढली?"

"कीबोर्डला कुणी हात लावला होता का?" मी विचारलं. सगळ्यांनी एकदम सासूबाईंकडं पाहिलं आणि एकदम छताकडं पाहिलं.

सुनीता कानाशी आली. "आईनं दुपारी ओल्या फडक्यानं पुसला. पूजा करायची होती ना. चांगला दाबून दाबून पुसला."

"मग मघाशीच सांगायचं!"

"जावयाला कसं सांगायचं? म्हणे, त्यांस्नी वाईट वाटंल."

चॅनेल बदलायचं बटण दाबून धरलं आणि ठराविक पट्टी दाबली की वाट बदलते. कीबोर्ड सेलवर चालणारा; सासूबाईंचा फडका आधी चालू-बंदच्या बटणावरून आणि मग नेमका तसाच फिरला असणार. पण कुठली पट्टी कितव्या वाटेची, ते पट्ट्यांच्या वर लिहिलेलं असतं आणि त्यावर आता भरघोस स्वस्तिक होतं. मी कुंकू खरवडलं, तरी खालची अक्षरं लागेनात. सासूबाईंनी "देवा मारुतीराया!" म्हणून डोळे मिटले. मी अंदाजानं दाबलं.

सनई वाजली.

"बगा! लगीनच हाय!" म्हातारी म्हणाली.

सगळं देऊळ हसलं, पण अप्पा हसले नाहीत. ते पाटावरच्या त्या यंत्राकडं नुसते बघत बसले होते. सुनीतानं मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचं उरलंसुरलं गाणंही मीच बंद पाडलं, असं वाटलं. तरी माझी बोटं घाबरून चालूच होती. पुन्हा सनई, मग बासरी, मग कसलंतरी बिगूल!

अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांबा जरा, जावईबापू. माजा सूर कुठं ऱ्हायला, ते बी समजंना." आणि हरवलेला सूर शोधायला म्हणून त्यांनी स्वतःच बारीक 'आ' लावला. तो लागला. शंकरनानांची थाप पडली, आणि पेटीबिगर न फिरणारा तो गळा असा काही फिरला, की बाहेर चपला घालून निघालेली माणसं चपला काढून परत आत आली. सुनीता रडत होती. मीही रडलो असतो, पण हाताला कुंकू होतं.

आपलाही हातभार लागावा म्हणून मी शेजारचे टाळ उचलले. अप्पांनी डोळे न उघडता ते माझ्या हातातून काढून घेतले आणि गाणं चालूच ठेवलं.

प्रसाद वाटताना शंकरनाना मुद्दाम जवळ आले. माझा हात हातात घेऊन अगदी मनापासून म्हणाले, "जावईबापू, खोटं न्हाई सांगत. शेवटाला तुमी जे न्हाई वाजवलं ना, ते लई ग्वाड झालं!"