माशाची डावी बाजू

दुकानातल्या स्टुलावर गिऱ्हाईक टेकलं की फोटोवाल्यांचा पहिला हुकूम सुटे: दोन्ही कान दिसले पाहिजेत. मग हनुवटी, मग खांदे, आणि शेवटी, हसू नका. हसण्यासारखं तिथे काही नसेच, तरी लोक हसत. कुणी कुरकुरलं तर फोटोवाले म्हणत, “नियम माझा नाही, वरचा आहे.” ओळखपत्रांचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला आणि त्या जन्मात हे वाक्य त्यांनी अख्ख्या गावाला ऐकवलं. पन्नाशी उलटल्यावर, एका माशापायी, ते त्यांना स्वतःला ऐकावं लागलं.

मासा सापडला तो धंद्यातूनच. पाण्यात चालणारा एक कॅमेरा कुणीतरी दुरुस्तीला टाकला आणि परत न्यायला आलंच नाही. तो आता चालतो का, हे पाहायला फोटोवाले गावामागच्या नदीवर गेले, कॅमेरा पाण्यात धरला आणि बटण दाबलं. घरी येऊन बघतात तर दगडाला चिकटलेला बोटभर मासा, शेपटीच्या मुळाशी नारिंगी पट्टा, आणि चेहरा असा की जणू नंबर लावून बसला होता. डोळे मिटायची भीती नव्हती, कारण माशाला पापण्याच नसतात. इतकं सोशिक गिऱ्हाईक त्यांना कधी मिळालं नव्हतं. फोटोवाले त्या दिवसापासून बिघडले, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

त्याच सुमारास नदीतल्या माशांची सरकारी पाहणी निघाली होती. नदीचा तळ सिमेंटने बांधून काढायचं ठरलं होतं. मात्र ज्या पट्ट्यात दुर्मीळ मासा नोंदला जाईल, तेवढा पट्टा सोडायचा होता. नोंदीला फोटो हवा, तोही वाहत्या नदीतला, काचेच्या पेटीतला नको. दुर्मीळ माशांत नारिंगी पट्टेवाला होता. नोंद कुणीही करावी, असं आवाहन होतं. फोटोवाल्यांनी फोटो पाठवला. तपासणाऱ्या बाईंचा फोन आला तो नामंजुरीचा. ही माशाची उजवी बाजू आहे, आणि रीत डावी दाखवण्याची. शिवाय पाठीवरचा पर मिटलेला आहे.

“पण मासा तोच आहे ना?” फोटोवाल्यांनी विचारलं.

“असेल हो. पण नियम माझा नाही, वरचा आहे.”

फोटोवाल्यांनी फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं.

बायको गल्ल्याशेजारी कात्रीने फोटो कापत होती. तिला यात अडचणच दिसेना. “उलटा करा की फोटो. उजव्याचं डावं होईल. मासा काय तक्रार करायला येणार आहे?” काम एका बटणाचं होतं. पण असाच एक फोटो एकदा चुकून उलटा छापला गेला होता, एका माणसाचा तीळ या गालावरून त्या गालावर गेला होता, आणि तो माणूस परक्या देशाच्या दारातून परत आला होता. तेव्हापासून ते बटण फोटोवाल्यांना वर्ज्य होतं.

वाहत्या पाण्यातला मासा तोंड प्रवाहाकडे करून असतो. त्यामुळे अलीकडच्या उथळ काठावरून त्याची उजवी बाजूच दिसणार, आज काय आणि उद्या काय. डावीसाठी पलीकडे जायला हवं. पलीकडे उंच भिंत, तिच्यावर लोकांचा फिरायला जायचा रस्ता. माशाचा दगड आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी जागा. तिथे पालथं पडायचं, नळीतून श्वास घ्यायचा आणि गाळ खाली बसेपर्यंत बोटसुद्धा हलवायचं नाही. हे दृश्य वरून कसं दिसेल, हा विचार खाली असणाऱ्याला सुचत नाही.

वरच्या रस्त्याने चाललेल्या पोस्टमनला ते जसं दिसायचं तसं दिसलं. त्याने थैली भिंतीवर टाकून उडी घेतली, फोटोवाल्यांना कॉलरला धरून काठावर ओढलं आणि छातीवर बसला. आपण जिवंत आहोत हे फोटोवाले सांगत होते, पण तोंडात नळी होती. नळी निघाल्यावर त्यांनी माशाचं सांगितलं. पोस्टमनने जमलेल्या लोकांकडे समजूतदारपणे पाहिलं. “खरं सांगायला लाजतात हो माणसं,” तो म्हणाला.

पुढच्या वेळी बायको भिंतीवर पहाऱ्याला बसली. कुणी थांबलं की ती शांतपणे सांगायची, “आमचे आहेत. जिवंत आहेत. जा तुम्ही.” खाली पालथा देह, वर कोरड्या डोळ्यांची बायको. बघणाऱ्यांना गलबलून आलं. एका बाईने तिला जवळ घेतलं, दुसरी पोस्टमनला आणायला धावली.

तो दुसऱ्यांदा पाण्यात पडला, त्याच क्षणी फोटोवाल्यांचं बोट दाबलं गेलं. फोटो निघाला तो मात्र अव्वल. मासा दचकून ताठला होता, एकूण एक पर उभा, बाजू डावी. मागे खाकी विजारीतला एक पाय आणि एक बूट.

फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत असतानाच पोस्टमन दुकानात आला. त्याच्या खात्याने त्याचं नाव शौर्याच्या बक्षिसासाठी पाठवायचं ठरवलं होतं, आणि अर्जाला फोटो हवा होता. फोटोवाल्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, दोन्ही कान दाखवायला लावले. “तुमच्यामुळेच योग आला हो,” पोस्टमन म्हणाला. फोटोवाले म्हणाले, हसू नका.

मग बाईंचा फोन आला. बाजू बरोबर, पर उत्तम, पण चौकटीत माणूस आहे. नदीत दिसणारा माणूस पाहणी करणारा धरतात, तेव्हा नोंद त्याच्या नावावर होईल. त्याचा ओळखपत्राचा फोटो जोडा. फोटोवाल्यांनी जीव तोडून सांगितलं की तो पाहणी करत नव्हता, मला वाचवत होता. बाई म्हणाल्या, मग तो पाहणीच्या जागी घुसलेला परका माणूस, आणि फोटो बाद. पायाकडचा भाग कापून चालेल का? नाही, कापलेला फोटो चालत नाही. पुन्हा काढू का? मुदत आज संपते.

नदीकाठी सिमेंटची यंत्रं येऊन उभी होती. दुकानातून त्यांचा आवाज येत होता.

“पट्टा वाचतोय ना?” बायकोने एवढंच विचारलं.

पोस्टमनचे उरलेले फोटो समोरच होते. त्यांतला एक फोटोवाल्यांनी स्वतःच्या हाताने कापला, कडा सरळ आहेत का पाहिलं आणि जोडून दिला.

पट्टा सुटला. त्याच्या वर आणि खाली नदी आता गटारासारखी गुळगुळीत वाहते. मधल्या तुकड्याशी एक पाटी लागली आहे, तिच्यावर माशाच्या नावाखाली पोस्टमनचं नाव आहे. परवा तो दुकानात आला. लोक माशाबद्दल विचारतात, आणि दिसतो कसा हेच आपल्याला माहीत नाही, म्हणाला.

फोटोवाल्यांनी फोटो काढून त्याच्यासमोर धरला. पोस्टमनने तो उजेडात नेला, निरखून पाहिला.

“हा बूट माझाच,” तो म्हणाला. “त्याच दिवशी वाहून गेला.”