आबांनी चाखलेली वाइन

कोरोनाच्या तापात माझं नाक गेलं ते गेलंच. फोडणी करपली तरी मला पत्ता नसायचा. आणि नोकरी कसली, तर सांगलीकडच्या एका छोट्या वायनरीत वाइन चाखायची! दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून मान डोलवत होतो. रोज वाटायचं, आज पकडला जाणार. जीव नुसता टांगणीला.

त्यात मालकांनी स्पेनहून एक लाल वाइन आणली, ओक लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली. मोठ्या बाटलीतून आम्हा चौघा चाखणाऱ्यांना एकेक छोटी बाटली भरून दिली नि म्हणाले, "घरी निवांत चाखा, उद्या सांगा कशी आहे. ज्याचं बरोबर, त्याच्या हाती पिंपांत वाइन मुरवायचं काम." ते काम मला हवंच होतं. पण निवांतपणा कुठून आणू? रहिमतपूरला घरी पोचेपर्यंत दोनदा गाडी थांबवून बाटली हुंगली. काही नाही. निव्वळ पाणी!

माझे वडील, आबा, जन्मभर बाजारात धान्य पारखत आले. पोत्यात हात घालायचा, मूठभर ज्वारी नाकाशी धरायची नि माल कधी भिजला होता ते सांगायचं. पण आबा माळकरी, दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत. तरी मी त्यांना सगळं सांगून टाकलं, नाक गेल्याचंसुद्धा. सांगताना रडू आलं, खोटं कशाला बोलू.

"आण हिकडं," ते म्हणाले. "वास घ्यायला काय हुतंय?" पेला नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले. "खोबरं हाय... जुन्या चपलेचं कातडं... तंबाखू बी हाय." मी भराभरा लिहून घेत होतो. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आजून कायतरी हाय. नुसत्या वासानं कळंना." उठले, गळ्यातली माळ काढून देवापुढं ठेवली आणि घोटभर तोंडात घेतली. आई ओरडलीच, "आवं, येड लागलं का काय तुमास्नी!"

"वलं गोणपाट," आबा म्हणाले. "माल बिघडलाय लेका."

मला हसूच आलं. स्पेनहून आणलेली भारीतली वाइन, आणि म्हणे गोणपाट! सकाळी मालकांसमोर मी कातड्याचं लेदर केलं, खोबऱ्याला व्हॅनिला जोडला, पुस्तकातली चार वाक्यं फेकली. गोणपाट तेवढं गाळलं.

मालकांनी चौघांचंही ऐकून घेतलं. "त्या मोठ्या बाटलीचं बूच खराब होतं," ते म्हणाले. "मुद्दाम तीच दिली. ओल्या पोत्याचा वास मारतोय तिला. तुम्ही मला पुस्तक वाचून दाखवलंत." पिंपांसाठी आता बाहेरून माणूस आणणार होते. आबांचं बरोबर होतं आणि मी गाढव ठरलो होतो.

घरी आलो तर आबा दारातच. गळा तसाच मोकळा. "काय म्हनलं मालक?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमेना. "आबा, गोणपाटाचं मी सांगितलंच नाही. लाज वाटली."

आबा आत वळले. देवापुढची माळ उचलून खिशात घातली, पायात चपला सरकवल्या. "ज्यांनी माळ घातली त्या बुवांकडनंच परत घालून घ्याय पायजे," म्हणाले. उंबऱ्यावर थांबले. "का काढली म्हनून इचारतील रं ते. पोरासाठी काढली म्हनू, का उगंच काढली म्हनू?"