उमरेड रोडने नदीला निघालेली नाव

नाव बांधून झाली, तेव्हा कुठे आमच्या दादाच्या लक्षात आलं, की ती नदीपर्यंत न्यायचीही आहे!

सुरेशदादा माझा थोरला भाऊ. घरचे हातमाग बंद पडल्यावर तो पाण्याच्या फायबर टाक्या दुरुस्त करायला लागला. त्यातूनच त्याने सक्करदऱ्याच्या शेडमध्ये दहा माणसं बसतील अशी फायबरची नाव केली. अंभोऱ्याला वैनगंगेत पर्यटकांना फिरवायचं, हे त्याचं स्वप्न. मी मनीषनगरला राहते, काचेच्या गोदामात ट्रक भरण्याची देखरेख करते. दादा म्हणाला, "तू काच न फोडता मुंबईले पाठवतं, तं माही नाव नदीवर नाही पोचवणार?" तळाला एक तडा गेला असता, तर त्याची सगळी मेहनत पाण्यात. तरी मला इतका आनंद झाला, की मी लगेच हो म्हटलं.

रविवारी सकाळी बाजूच्या फळ्या नसलेला सपाट ट्रेलर आला. चालक शामभाऊ. असा माल न्यायचा असेल तर एवढं ध्यानात ठेवा: तो हलू नये आणि बांधायच्या पट्ट्याने चेपूही नये. आम्ही तळाखाली जुने टायर लावले, दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या, आणि पट्टा जिथे काठावर टेकतो तिथे गोधड्यांच्या घड्या ठेवल्या. मग कोपऱ्यावरचे तर्री पोहे खाल्ले आणि निघालो.

दिघोरीच्या सिग्नलवर एका स्कूटरवाल्याने मान वर केली. "भाऊ, पूर येऊन राहिला का?"

"येऊन राहिला! तिकीट काढून ठेव!" दादा खिडकीतून ओरडला. शामभाऊ इतके हसले, की सिग्नल हिरवा झालेला त्यांना कळलाच नाही.

उमरेड रोड छान आहे. पाचगावच्या अलीकडे मी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"काहून थांबवून राहिली वं? सरकली का?" दादा वैतागला.

"सरकायच्या आधीच पाहायचं असते, दादा."

गोधड्या दबून पुढचा पट्टा सैल झाला होता. माझी मूठ आरामात खाली गेली. दादाचा वैताग मावळला. त्याने घाईघाईने पट्टा ताणायचं रॅचेट आवळायला घेतलं. मी त्याचा हात धरला. "बस गा, पापड करतं का तिचा?" तुम्हीही थोडं अंतर गेल्यावर थांबाच. पहिल्या धक्क्यांत सगळं बसतं आणि पट्टे ढिले पडतात.

कुहीच्या पुढे रस्त्यावर लग्नाची कमान. नावेच्या छताच्या दांड्यापेक्षा आडवा बांबू वीतभर खाली! मागे वाहनांची रांग, समोर वरात. फेटा बांधलेले एक काका तरातरा आले. "ताई, मुहूर्त टळून राहिला. गाडी काढा!"

"काका, बांबू थोडा वर उचला, आम्ही आत्ता जातो."

"हळूच खालून घुसवू ना," दादा पुटपुटला. मी ठाम नाही म्हटलं. शेवटी चार वऱ्हाड्यांनी काठ्यांनी बांबू उचलून धरला. मी ट्रेलरसोबत पायी चालत होते, हात वर, नजर दांड्यावर. शामभाऊंनी गाडी मुंगीच्या चालीने सोडली. झेंडूच्या माळा नावेवरून सरसरत गेल्या, पण बांबू कुठेच लागला नाही. आणि बँडवाल्यांनी जो ठेका धरला!

"नवरदेवाले नावेतच बसवतो!" काका ओरडले.

"चढायचं नाही! खाली उभं राहून फोटो काढा!" मीही ओरडले, आणि हातमोजे घालूनच त्यांच्यासोबत नाचले. भर रस्त्यात, चक्क.

वेलतूरवरून अंभोऱ्याला पोचलो. नदीकाठी हायड्रा क्रेन आधीच सांगून ठेवली होती. कापडी रुंद पट्ट्यांवर नाव अलगद उचलली आणि पाण्यात ठेवली. दादा आत उतरला, फळी काढून तळावरून हात फिरवला. आम्ही काठावरच उभे.

"कोरडं ठाक आहे वं!"

शामभाऊंनी शिट्टी मारली. मग गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, बोटं चाटून.

दुसऱ्या दिवशी तळहातांवर फोड होते, गाल हसून दुखत होते. आईचा फोन आला. "नाव पाण्यात कशी दिसत होती वं?"

मी सांगायला गेले, तर काही डोळ्यांपुढे येईना. दिवसभर नावेवरून नजर हटवली नव्हती, पण ती तरंगली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

मी दादाकडे पाहत होते.